पुन्हा पहिल्यापासून

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आकाशवाणीवर मी याआधीही बोललो आहे. कधी गझलेवर, कधी उरुसावर, एकदा तर नुसत्या पावसावर. या वेळी "विषय तुमच्या आवडीचा घ्या," असा निरोप आला, तेव्हा मी म्हणालो, "मग व्हिडिओ गेमवर बोलतो." पलीकडे थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग प्रश्न आला, "म्हणजे मुलांना त्यापासून दूर कसं ठेवावं, यावर ना?" म्हटलं, "नाही हो. मी स्वतः खेळतो, त्यावर."

माझं वय पंचावन्न. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. राहणार मिरजेचा. पोटापाण्याला कारकुनी करतो. घरात आम्ही दखनी बोलतो आणि कविता मी मराठीत लिहितो. अशा माणसानं संध्याकाळी टीव्हीसमोर मांडी घालून परग्रहावरच्या राक्षसांवर गोळ्या झाडाव्यात, हे आमच्या गल्लीच्या पचनी पडलेलं नाही. शेजारच्या चाचांनी एकदा खिडकीतून डोकावून विचारलं, "काय शायर, कोण जिंकतंय?" मी म्हटलं, "चाचा, मी मरतोय." ते "अल्ला खैर करे" म्हणत पुढं गेले.

आता हा खेळ कोणता, ते सांगतो. त्याचं नाव 'रिटर्नल'. फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथं 'हाउसमार्क' नावाची एक संस्था १९९५पासून असे खेळ तयार करते. तिनं हा खेळ ३० एप्रिल २०२१ रोजी बाजारात आणला. तो प्लेस्टेशन ५ या यंत्रावर खेळतात. २०२३मध्ये तो संगणकावरही आला. २०२२ साली ब्रिटनच्या 'बाफ्टा' पुरस्कारांत तो वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. शिवाय संगीत, ध्वनी आणि मुख्य भूमिकेचा आवाज देणाऱ्या जेन पेरी यांचा अभिनय, असे आणखी तीन पुरस्कार त्याला मिळाले. म्हणजे हे काही पोरासोरांचं फुटकळ काम नव्हे, एवढं तरी मला गल्लीत सांगता येतं.

यंत्र माझं नाही. माझ्या धाकट्या मुलीनं पुण्यातल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून ते हप्त्यांवर घेतलं. तिचं बरंचसं काम घरूनच चालतं, म्हणून २०२४च्या पावसाळ्यात यंत्र मिरजेला आलं आणि आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीखाली विराजमान झालं. मी तेव्हा त्याच्याकडे पाहतही नव्हतो. खरं सांगायचं तर, त्या दिवसांत मी फारसं कशाकडेच पाहत नव्हतो. त्याचं कारण पुढं येईलच.

खेळाची कथा अशी. सेलीन नावाची एक मध्यमवयीन स्त्री अंतराळात टेहळणीचं काम करते. अ‍ॅट्रोपॉस नावाच्या ग्रहावरून एक गूढ संदेश येत असतो. वरिष्ठांची मनाई असताना ती त्या संदेशाचा माग काढत जाते आणि तिचं यान वादळात सापडून त्या ग्रहावर कोसळतं. ती बाहेर पडते. सगळीकडे किर्र झाडी, पाऊस, कुण्या नाहीशा झालेल्या जमातीची पडकी बांधकामं. थोडं चालून गेल्यावर तिला एक प्रेत दिसतं. अंगावर हिच्यासारखाच अंतराळवेश. जवळ जाऊन पाहते, तर ते प्रेत तिचं स्वतःचंच आहे.

इथंच खेळाची मेख आहे. या ग्रहावर सेलीन मेली की पुन्हा त्याच अपघाताच्या क्षणी जागी होते. पुन्हा तेच कोसळलेलं यान, तोच पाऊस, तेच पहिलं पाऊल. ग्रहाचं नावही उगाच ठेवलेलं नाही. ग्रीक पुराणात दैवाच्या तीन बहिणी आहेत. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी तो मोजते आणि तिसरी तो कापते. त्या तिसरीचं नाव अ‍ॅट्रोपॉस. इथं मात्र धागा कापला तरी तुटत नाही.

लढाई कशी असते, हे रेडिओवर सांगणं अवघड. पण प्रयत्न करतो. समजा, दिवाळीत गल्लीच्या चारही टोकांना कुणी एकाच वेळी भुईनळे आणि भुईचक्रं लावली आहेत. आणि तुम्हाला एकाही ठिणगीचा स्पर्श न होता गल्ली पार करायची आहे, तीही समोरच्यावर नेम धरून. जपानी लोक असल्या खेळांना 'दानमाकू' म्हणतात, म्हणजे गोळ्यांचा पडदा. लाल, निळे, केशरी गोळे लाटांसारखे अंगावर येतात. दिसायला फार सुंदर. मी पहिल्या दिवशी ते सौंदर्य पाहत उभा राहिलो आणि चार मिनिटांत मेलो.

हातात जे यंत्र धरायचं, त्याला आम्ही रिमोटच म्हणतो. खेळात पाऊस पडला की त्याचे थेंब त्या रिमोटमध्ये तळहाताला जाणवतात. डाव्या बोटाखालची कळ अर्धी दाबली तर नेम धरला जातो. पूर्ण दाबली तर बंदुकीचा दुसरा, जबर मारा सुटतो. अर्धी आणि पूर्ण यांतला फरक समजायला मला आठ दिवस लागले. बंदूक पुन्हा भरतानाही ठरावीक क्षणी कळ दाबली तर ती लगेच भरते. तो क्षण चुकला तर ताटकळावं लागतं. ते जमलं, तेव्हा मला एकदम गझलेतली यती आठवली. ठेक्यात थांबायचं, जास्त नाही, कमी नाही.

मार न खाता एकेक शत्रू पाडत गेलं की सेलीनच्या अंगी एकेक जादा शक्ती येते. अशा पाच पायऱ्या आहेत. पण एक फटका बसला की पाचव्या पायरीवरून थेट जमिनीवर. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झेप. एक कळ दाबली की सेलीन विजेसारखी सूर मारते आणि त्या निमिषापुरती तिला इजा होत नाही. मी सुरुवातीला गोळ्यांपासून पळायचो. मागं, आणखी मागं, शेवटी भिंतीला पाठ लागली की खलास. मुलगी शेजारी बसून लॅपटॉपवर काम करत हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत असायची. एकदा न राहवून म्हणाली, "अब्बा, मागं कशाला पळता? गोळ्या येतायत ना, त्यांच्यातून जा." मी त्यांच्यातून गेलो आणि जगलो. मग चारदा मेलो, पण ते वेगळ्या कारणांनी.

मेल्यावर काय काय जातं, ते ऐका. कमावलेल्या बंदुका जातात. वेचलेलं पिवळं धन जातं. त्या धनाचं नावही मेलेल्या माणसाबरोबर ग्रीक लोक जे नाणं ठेवत, त्यावरून घेतलं आहे. जंगलातल्या खोल्यांची मांडणीसुद्धा बदलते. मागच्या खेपेला उजवीकडे होता तो दरवाजा आता डावीकडे असतो. मोजक्या दोन-चार वस्तू तेवढ्या मागं उरतात. बाकी पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रकारच्या खेळांचं घराणं १९८०मधल्या 'रोग' नावाच्या एका संगणकीय खेळापासून सुरू झालं. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ भामटा असा आहे, पण आमची ही म्हणते, "मराठीत वाचलं तरी बरोबरच आहे."

ती थट्टेत म्हणते, पण या थट्टेत तथ्यही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या अनावर नादाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे, आणि ती नवी यादी २०२२पासून लागू झाली. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. दिवसाला एक डाव. मगरिबची अजान झाली की सेलीन जिथं असेल तिथं थांबेल. खेळ आला तेव्हा डाव अर्धवट ठेवून यंत्र बंद करण्याची सोय नव्हती आणि लोकांनी त्याबद्दल पुष्कळ ओरड केली. ऑक्टोबर २०२१मध्ये ती सोय झाली. माझ्यासारख्या नमाजी माणसाची ती मोठीच सोय.

मी एक वही केली. दर मरणाची नोंद. तारीख, ठिकाण, कारण. 'मागून आलेला दिसला नाही.' 'लोभ केला, धन वेचायला वळलो.' 'चहा आला म्हणून मान वळवली.' पहिल्या मोठ्या राक्षसाचं नाव फ्रिकी. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ थरकाप. त्याच्या जिवाच्या तीन पट्ट्या असतात आणि एक संपली की तो आणखीच पिसाळतो. त्याला पाडेपर्यंत वहीत एकतीस नोंदी झाल्या होत्या. एकतिसाव्या मरणानंतर मी रिमोट खाली ठेवून म्हटलं, "हे काही आपल्याच्यानं होणार नाही." तेव्हा मुलगी दखनीत म्हणाली, "मरे बगैर समजता नै, अब्बा." मेल्याशिवाय कळत नाही.

हे वाक्य मला फार ओळखीचं वाटलं. आमच्या मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत. पूर्वी हे लोक शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. पुढं वाद्यांकडे वळले. लहानपणी मी त्यांच्या दुकानांच्या पायरीवर बसून जवारी लावताना तासन्‌तास पाहिलं आहे. वाद्याच्या ज्या घोडीवरून तारा जातात, तिचा पृष्ठभाग कानसीनं इतका नाजूक घासायचा की तार छेडल्यावर सूर भरून यावा. कारागीर थोडं घासतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, मान हलवतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. असं वीस वेळा, तीस वेळा. पाहणाऱ्याला वाटतं, हा तेच ते करतो आहे. पण प्रत्येक वेळी त्याचा कान काहीतरी नवीन ऐकून आलेला असतो. गझलेतही रदीफ दर शेराला परत येते. शब्द तोच, पण आधीच्या ओळीनं त्याचा अर्थ पालटलेला असतो. नुसताच शब्द परत आला आणि अर्थ पालटला नाही, तर ऐकणारा उठून जातो.

एकतिसाव्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी फ्रिकी पडला. माझ्या हातांना काहीतरी कळलं होतं, जे मला सांगता येत नव्हतं. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की चाचा पुन्हा खिडकीत आले.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो.

त्या जंगलाच्या मधोमध एक घर आहे. परग्रहावर, पण घर मात्र पृथ्वीवरचं, जुन्या धाटणीचं. त्या घरात शिरलं की आपण सेलीनच्या डोळ्यांनी पाहू लागतो. तिथं बंदूक नाही, झेप नाही. सावकाश चालायचं, दारं उघडायची, वस्तू पाहायच्या. बाहेर जुन्या काळच्या अंतराळवेशातली एक आकृती उभी असते. हळूहळू लक्षात येतं, की या बाईच्या मनात कुठला तरी जुना प्रसंग रुतून बसला आहे. एक आई, एक मूल, एक रस्ता. सगळं नीट कधीच सांगितलं जात नाही. ग्रहावर जागोजाग सेलीनची प्रेतं सापडतात आणि प्रत्येकाजवळ एक ध्वनिमुद्रण असतं. तिचाच आवाज, पण ती हे कधी बोलली, तिला आठवत नाही. कधी तो आवाज शहाणा असतो, कधी भ्रमिष्ट. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला ही गोष्ट विशेष अंगावर येते. आपलाच आवाज आपल्याला नंतर ऐकू येतो आणि वाटतं, हा कोण बोलतोय?

श्रोतेहो, मलाही असं एक घर आहे.

डिसेंबर २०२२. मी परभणीकडे एका कविसंमेलनाला गेलो होतो. बायको लग्नासाठी माहेरी गेली होती. घरी माझी अम्मी आणि ही धाकटी, तेव्हा कॉलेजात शिकणारी. रात्री साडेअकराला माझा नंबर लागला. फोन आवाज बंद करून खिशात ठेवला होता. मी तीन कविता वाचल्या. तिसरीला लोकांनी 'पुन्हा, पुन्हा' केलं, म्हणून ती परत वाचली. व्यासपीठावरून उतरून चहा घेतला, दोन जणांना सह्या दिल्या आणि मग फोन पाहिला. सात मिस्ड कॉल. मुलीचे.

अम्मीच्या छातीत कळ आली होती. रात्रभर प्रवास करून मी सकाळी पोहोचलो, तो मातीला. खांदा दिला. सगळे म्हणाले, "नशीबवान, पोहोचलास." मी मान हलवली.

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी रोज रात्री त्या व्यासपीठावर जात होतो. अंथरुणाला पाठ टेकली की मांडव, ध्वनिक्षेपक, पहिली कविता, दुसरी कविता, 'पुन्हा, पुन्हा'. खिशात फोन थरथरतो आहे आणि मी वाचतो आहे. घरी अम्मी माझं नाव घेते आहे आणि मी वाचतो आहे. दर रात्री मी ठरवायचो की आज तिसरी कविता वाचायची नाही, खाली उतरायचं. आणि दर रात्री वाचायचो. ती कविता मी पुन्हा कुठं वाचलेली नाही. नवी तर एकही ओळ लिहिली नव्हती.

मुलीशी मी या रात्रीबद्दल कधीच बोललो नाही. ती घरात होती, तिनं सगळं पाहिलं होतं; पण मी विचारलं नाही. तीही आपणहून काही बोलली नाही. आम्ही एकमेकांना "जेवलीस का", "औषध घेतलं का" एवढंच विचारत राहिलो. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिनं रिमोट माझ्या हातात दिला, तेव्हा तो मी का घेतला असेन? एवढ्याचसाठी, की दीड वर्षात प्रथमच ती मला काहीतरी देत होती.

तर आमचा खेळ चालला होता. यात दोघांना एकत्र खेळण्याची सोय मार्च २०२२पासून आहे, पण त्याला दोन यंत्रं लागतात. आम्ही रिमोट हातोहात फिरवायचो. ती मेली की मी, मी मेलो की ती. वाळवंट पार झालं, मग उजाड नगरी आली. तिच्या टोकाला तिसरा मोठा राक्षस, नेमेसिस. म्हणजे सूडाची देवता. त्या लढाईत पायाखालची जमीनच जाते. अधांतरी तरंगणारे दगड, एकावरून दुसऱ्यावर दोरानं झेप घ्यायची, खाली काहीच नाही. नेमेसिसला पाडायला आम्हा दोघांची मिळून सव्वीस मरणं खर्ची पडली. डिसेंबर अखेरीस एका रविवारी तो पडला. शेवटच्या वेळी रिमोट माझ्या हातात होता.

मला वाटलं, संपलं. आणि पडद्यावर तसंच दिसू लागलं. सेलीनला न्यायला माणसं येतात. ती पृथ्वीवर परतते. वर्षं जातात. ती म्हातारी होते. मरते. तिला मूठमाती दिली जाते. आणि मग डोळे उघडतात. समोर पाऊस, झाडी, कोसळलेलं यान. अ‍ॅट्रोपॉस. अख्खं आयुष्य जगून, म्हातारपणानं मरूनही ती पुन्हा तिथंच.

मी म्हटलं, "या अल्ला. एवढं करून परत तिथंच?"

मुलगी पडद्याकडे पाहत होती. म्हणाली, "माझंही तसंच होतं."

पुढचं ती दखनीत बोलली; मी मराठीत सांगतो. म्हणाली, "अब्बा, त्या रात्री मी तुम्हाला सात वेळा फोन केला. त्यात नऊ मिनिटं गेली. माझ्या फोनमध्ये अजून वेळा आहेत, मी कितीदा तरी मोजल्यात. पहिला फोन उचलला नाहीत तेव्हाच मी चाचांचं दार वाजवायला हवं होतं. मी फोनच लावत बसले. रोज रात्री मी ठरवते, की या वेळी दुसरा फोन करायचा नाही. आणि करते."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. ज्या सात फोनांसाठी मी स्वतःला रोज फासावर चढवत होतो, त्याच सात फोनांसाठी ही पोर शेजारच्या खोलीत रोज तेच करत होती. मध्ये एक भिंत. झटका मोठा होता, थोडं आधी आणलं असतं तरी उपयोग झाला नसता, हे डॉक्टरांनी त्याच सकाळी सांगितलं होतं. ते आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. पण ते बाहेरच्यांना सांगायचं वाक्य होतं. आत ते कुणी नेलंच नव्हतं.

मग मी जे दोन वर्षं विचारलं नव्हतं, ते विचारलं. "दादी काही बोलली का? माझं नाव घेतलं?"

मुलगी आधी गप्प बसली. मग तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र हसू आलं. "नाही. चाचांनी आणि मी रिक्षात बसवलं तेव्हा म्हणाली, मोटर बंद केलीस का?"

"मोटर?"

"पाण्याची. टाकी भरून वाहत होती. मी परत आत पळत जाऊन बंद केली. मग म्हणाली, आता चल."

आम्ही दोघंही हसायला लागलो. नंतर दोघंही रडलो. ही आतून आली, तर पडद्यावर सेलीन पावसात उभी आणि हे दोघे जमिनीवर बसलेले. तिला वाटलं, राक्षसानं हरवलं म्हणून रडतायत. तिलाही मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमची अम्मी ती. दुसरं काय विचारणार?"

या गोष्टीचा मी नंतर पुष्कळ विचार केला. माझ्या रात्रीच्या फेऱ्यांत अम्मी माझं नाव घेत होती, कारण ती अम्मी मी रचलेली होती. तिथं मुलगी नव्हती, चाचा नव्हते, वाहणारी टाकी नव्हती. तिथं मीच वाचणारा, मीच ऐकणारा आणि मीच शिक्षा देणारा. बाहेरचं कुणी आत येतच नव्हतं, म्हणून काही बदलतही नव्हतं. खेळातल्या मरणानंतर निदान जंगल तरी वेगळं मांडलेलं असतं, वहीत एक नवी ओळ पडते, शेजारी बसलेली मुलगी "त्यांच्यातून जा" म्हणून सांगते. जवारी लावणाराही तार छेडल्याशिवाय पुढची कानस मारत नाही. मी दोन वर्षं नुसतीच कानस मारत होतो. तार छेडायला मला माझ्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जायला हवं होतं.

व्हिडिओ गेमनं माझं दुःख बरं केलं, असं मला म्हणायचं नाही. लढाई ती लढाई, खेळ तो खेळ. पण पाच महिने रोज तासभर आम्ही बापलेक शेजारी बसलो, एकाच दिशेला पाहत बसलो आणि एकमेकांसमोर शेकडो वेळा हरलो. समोरासमोर बसून जे बोलता आलं नसतं, ते बहुधा त्यामुळंच बोलता आलं. इतक्या वेळा हरताना पाहिलेल्या माणसासमोर लाज उरत नाही.

खेळाचं पुढं काय झालं, असं काही श्रोते विचारतील. सेलीनच्या पुढच्या प्रवासात एक उंच बुरूज आहे. दूरवरून ऑर्गनचे सूर ऐकू येतात आणि आपण चढत जाऊ तसे ते मोठे होत जातात. शेवटी माथ्यावर तो ऑर्गन वाजवणाराच राक्षस भेटतो. घरातले दिवे बंद करून, आवाज मोठा करून ती चढण चढावी. माझ्या वहीत त्याच्या नावावर पाचच मरणं आहेत. हात आता सरावले आहेत. शेवट समुद्राच्या तळाशी होतो. तिथं काय सापडतं, ते मी सांगणार नाही. त्याचा अर्थ कसा लावायचा, याबद्दल खेळणाऱ्यांतही एकमत नाही, आमच्या घरात तर नाहीच. मुलगी म्हणते, सेलीन सुटली. मी म्हणतो, तिला निदान कळलं. यावर आमचा वाद अजून चालू आहे आणि तो चालू राहावा, अशी माझी इच्छा आहे.

रात्रीची ती फेरी पूर्ण थांबलेली नाही. अधूनमधून मी अजूनही त्या मांडवात जातो. पण आता तिसऱ्या कवितेच्या मध्येच कुठून तरी पाणी वाहिल्याचा आवाज येतो आणि अम्मी विचारते, मोटर बंद केली का. मग मी उठून मोरीपर्यंत जातो, बटण पाहतो, पाणी पितो. येताना मुलीच्या खोलीत दिवा दिसला तर दारावर टकटक करतो. ती आतून म्हणते, "बंद आहे, अब्बा. मी बघितलंय."

कवितेचं म्हणाल, तर एक लिहिली आहे. मोटरीवर. अजून कुठं वाचलेली नाही. पुढच्या संमेलनाला मुलीला बरोबर नेणार आहे, तेव्हा वाचीन. फोन मात्र तिच्याकडे देऊन ठेवीन, आवाज चालू करून.